फळीचा पलंग आणि गादीची जबाबदारी

नवे बिऱ्हाड थाटताना किंवा मुलामुलीच्या लग्नाच्या निमित्ताने घरात पलंग करावयाचा ठरला, म्हणजे लाकूड सागवानी घ्यावे की प्लायवूडवर भागवावे, सनमायक्याचा रंग कोणता निवडावा, खालच्या कप्प्यात रजया, पितळेची भांडी आणि पाहुण्यांची अंथरुणे मावतील की नाही, या सर्व बाबींवर घरातील लहानथोरांची मसलत कित्येक दिवस चालते. सुताराशी घासाघीस होते, नमुने मागविले जातात, आप्तेष्टांच्या घरचे पलंग पाहून येणे होते. आणि हा सारा उद्योग आटोपून पलंग घरात येऊन पडला, की त्यावर घालावयाची गादी मात्र उरलेल्या रकमेत बसेल ती आणि दुकानदार सांगेल ती, अशी अर्ध्या तासात उचलली जाते. ज्या वस्तूवर मनुष्य आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यतीत करतो, तिच्याविषयी एवढी अनास्था असावी ही गोष्ट खेदाची आहे. आणि ज्या तऱ्हेचे पलंग आज आपल्या घराघरांत आहेत ते लक्षात घेतले असता ही अनास्था प्रकृतीला अपायकारकही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण पलंगाच्या घडणीत आहे. दोन पिढ्यांपूर्वी ज्या बाजेवर किंवा पलंगावर माणसे निजत, त्यांचे अंग मुळातच लवचीक असे. बाज सुंभाने विणलेली असे आणि ती सैल पडली की पायथ्याकडची दोरी ओढून तिला पुन्हा ताण देण्यात येई. पलंगाला सुती नवारीचे आडवे-उभे पट्टे असत आणि तेही वेळोवेळी आवळून घ्यावे लागत. नंतरच्या काळात लोखंडी खाटा आल्या, त्यांतही पत्र्याच्या पट्ट्यांची किंवा तारेची जाळी चारी बाजूंनी लहान लहान स्प्रिंगांवर ताणलेली असे. या सर्व साधनांत निजणाऱ्याचा भार काही अंशी खालची वीण किंवा जाळी स्वतःवर घेई, आणि म्हणूनच तीन इंचांची कापसाची गादी, किंबहुना नुसती वाकळ किंवा जाडशी गोधडीसुद्धा, तिच्यावर पुरेशी होई. सपाट फळीचा, खाली कप्पे असलेला आजचा पलंग यापैकी काहीही करीत नाही. त्याची अठरा मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी तसूभरही लवत नाही, आणि त्यामुळे जे काम पूर्वी पलंग आणि गादी मिळून करीत, ते संपूर्ण काम आज एकट्या गादीच्या शिरावर येऊन पडले आहे. पलंग बदलला, परंतु गादीविषयीचे आपले हिशेब मात्र जुनेच राहिले, हे आजच्या पुष्कळशा पाठदुखीच्या तक्रारींच्या मुळाशी असलेले एक कारण आहे.

हाच प्रश्न पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, निराळ्या वाटेने उपस्थित झाला. तेथील रूढ पलंगात गादीच्या खाली, तिच्याच लांबीरुंदीची, लाकडी चौकटीत स्प्रिंगा बसवून वर कापड ताणलेली एक पेटी ठेवण्याची चाल होती आणि तिला बॉक्स स्प्रिंग म्हणतात. या पेटीने गादीवरील आघात थोडा झेलला जाई, गादीखालून हवा खेळे आणि पलंगाची उंचीही वाढे. पुढे सपाट फळीचे किंवा पट्ट्यांचे पलंग तेथेही प्रचारात आले, फोम आणि लॅटेक्सच्या गाद्या आल्या, आणि या गाद्यांना लवणारा नव्हे, तर सपाट व भक्कम आधार लागतो हे अनुभवास आल्यावर ती पेटी पुष्कळ घरांतून हद्दपार झाली. परंतु तिच्याबरोबरच आघात झेलण्याची, हवा खेळविण्याची आणि उंची देण्याची तिची तीन कामेही कोणावर तरी सोपविणे क्रमप्राप्त झाले. आपल्याकडे ही पेटी कधी रूढच नव्हती, म्हणून आपल्याला तिचा अभाव जाणवत नाही एवढेच. तिची तीनही कामे आपल्या पलंगावरही कोणीतरी करावयासच हवीत. त्यांपैकी उंचीचे काम कप्प्यांनी, कधीकधी गरजेपेक्षा अधिकच, केलेले असते. उरलेल्या दोन कामांची तजवीज मात्र गादी निवडतानाच करावी लागते.

येथे एका दृढमूल समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. कंबर धरली, पाठ दुखू लागली, की 'फळीवर निजा', 'जमिनीवर सतरंजी टाकून निजा', असा सल्ला आपल्याकडे इतक्या अधिकारवाणीने दिला जातो की, कठीण शय्या ती हितकर शय्या हे जणू वैद्यकशास्त्राचे सिद्ध सूत्रच आहे असा सर्वांचा ग्रह झालेला आहे. वस्तुतः पूर्वीच्या सैल पडलेल्या बाजेत आणि झोळ आलेल्या नवारीत मनुष्याची कंबर खाली जाऊन पाठीचा कणा धनुष्यासारखा वाके, आणि त्या स्थितीशी तुलना करता फळी बरी, एवढाच या सल्ल्याचा मूळ आशय असावा. परंतु मनुष्याचे शरीर सपाट नाही. उताणे निजले असता पाठीचा वरचा भाग आणि नितंब टेकतात आणि कंबरेखाली पोकळी राहते. कुशीवर निजले असता खांदा आणि खुबा हे दोनच अवयव पुढे येतात आणि अंगाचा बहुतेक भार त्या दोन ठिकाणी एकवटतो. खालचा पृष्ठभाग अजिबात लवला नाही तर त्या जागी रक्ताभिसरणाला अटकाव होतो, अंग अवघडते, आणि निजलेला मनुष्य रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो. सकाळी उठताना त्याला खांदा भरून आल्यासारखा वाटतो आणि त्याचे खापर मात्र तो वयावर किंवा हवेवर फोडतो.

या विषयावर शास्त्रीय कसोटीही लावून झाली आहे. स्पेनमधील वैद्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना, काहींना कठीण आणि काहींना मध्यम कठीण अशा गाद्या देऊन ९० दिवसांनी त्यांच्या वेदनांची तुलना केली, आणि कोणाला कोणती गादी मिळाली हे रुग्णांपासून व परीक्षकांपासून गुप्त ठेवले. २००३ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांना निजलेल्या स्थितीत होणारी वेदना, उठतानाची वेदना आणि दैनंदिन हालचालीतील अडचण, या तिन्ही बाबतींत कठीण गादीवाल्यांपेक्षा अधिक उतार पडला. मणक्याचा विशिष्ट विकार असलेल्या रोग्याने अर्थातच आपल्या वैद्याचा सल्ला प्रमाण मानावा. परंतु सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाने 'जितकी कठीण तितकी चांगली' या सूत्राला यापुढे रजा द्यावी, इतका आधार या निष्कर्षात निश्चित आहे. फळी स्वतःच कठीण असताना तिच्यावर आणखी एक कठीण फळीवजा गादी घालणे यात आरोग्याचा लाभ काही नाही.

आता प्रत्यक्ष गाद्यांकडे वळावे. पहिला मान कापसाच्या गादीचा. विदर्भ-खानदेशचा कापूस आणि दारोदार फिरणारा पिंजारी यांच्या जोरावर महाराष्ट्राने कित्येक पिढ्या सुखाची झोप घेतली. अंगणात जुनी गादी उसवून, घट्ट झालेल्या कापसाचे गोळे बाहेर काढून तो आपल्या उंच धनुकलीची तात लाकडी मुठ्याने छेडू लागला, की त्या एकसुरी टणत्काराबरोबर कापूस हळूहळू उमलत जाई. मग पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाच्या खोळीत तो सारखा पसरून, काठीने झोडून, जाड सुईने ठरावीक अंतरावर टाके घातले की तीच गादी पुन्हा नवी होई. ज्या वस्तूची दुरुस्ती अशी दारात बसून होते, ज्यातील एक चिमूटभर मालही वाया जात नाही आणि जी हवा व घाम दोन्ही जिरविते, तिच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु आदर ठेवूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे की, कापूस दाबला जातो तो आपण होऊन परत फुगत नाही. नवारीवर हा दोष झाकला जाई. प्लायवूडवर काही महिन्यांतच कंबरेच्या जागी खळगा पडतो आणि खालची फळी लागू लागते. ज्यांना कापसाचीच गादी प्रिय आहे त्यांनी ती निदान पाच-सहा इंच, घट्ट भरलेली आणि पुष्कळ टाक्यांची करून घ्यावी, दर आठवड्याला उलटावी, उन्हे दाखवावी, आणि वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घेण्याची तयारी ठेवावी; एवढे करणाऱ्यास ती आजही दगा देणार नाही.

कापसाच्या पाठोपाठ आली ती काथ्याची गादी. केरळातील नारळाच्या सोडणाचा काथ्या कुरळा करून, त्यावर रबराचा चीक फवारून आणि उष्णतेने तो पक्का करून तिचे थर बनवितात. तिच्यातून हवा उत्तम खेळते, दमट किनाऱ्यावर ती गरम होत नाही, किंमतही आवाक्यात असते. परंतु नुसता काथ्या फळीवर फारच कठीण लागतो आणि कालांतराने मध्यभागी बसतो. म्हणून काथ्याच्या थरावर दीड-दोन इंचांचा चांगल्या फोमचा किंवा लॅटेक्सचा थर असलेली मिश्र गादी घेणे श्रेयस्कर. मध्यमवर्गीय घरातील फळीच्या पलंगासाठी ही निवड आम्हांस पुष्कळ समंजस वाटते.

फोमच्या गादीत ग्राहकाची सर्वांत अधिक फसगत होते, आणि ती एका शब्दाच्या आडून होते. दुकानदार 'चाळीस डेन्सिटी' असे ऐटीत सांगतो आणि ग्राहक त्याचा अर्थ कठीणपणा असा समजतो. डेन्सिटी म्हणजे घनता. एक घनमीटर फोमचे वजन किती किलोग्रॅम भरते, एवढेच ती सांगते. त्या फोमला किती दाब दिला म्हणजे तो किती लवतो, हे माप निराळे. चाळीस घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कठीणही. घनतेचा खरा संबंध टिकाऊपणाशी आहे: शुद्ध फोममध्ये घनता अधिक म्हणजे मालाचा अंश अधिक, आणि म्हणून तो लौकर बसत नाही. परंतु फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढविता येते, आणि तसे वाढविलेले वजन टिकाऊपणाला काडीइतकाही हातभार लावीत नाही. तसेच, फोमच्या कारखान्यातील कातरणे बारीक करून, डिंकासारख्या रसायनाने चिकटवून, दाबून जो ठोकळा बनवितात, त्याची घनता साध्या फोमच्या दुपटीहून अधिक भरते. हा 'रिबॉन्डेड' ठोकळा तळाच्या थराला भक्कमपणा देण्यासाठी उपयुक्त आहे. परंतु संपूर्ण गादी त्याचीच करून 'पाठीसाठी खास' म्हणून ती फळीच्या पलंगावर घालावयास देणे हे ग्राहकाच्या खांद्या-खुब्यांवर अन्याय करणारे आहे.

मेमरी फोमची उत्पत्ती १९६६ साली, अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानातील आसने अधिक सुरक्षित व सुखद करण्याच्या प्रयत्नातून झाली. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि अंगाच्या आकाराप्रमाणे साचा घेतो. त्यामुळे दाब सर्वत्र सारखा वाटला जातो, हा त्याचा गुण. पण तोच गुण उन्हाळ्यात दोष ठरतो. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली निजणाऱ्या माणसाला, अंगाभोवती बिलगून उष्णता कोंडून ठेवणारा हा थर असह्य होतो, आणि अति उष्णतेत तो नको तितका मऊही पडतो. ज्यांना तो हवाच असेल त्यांनी वरचा थर दीड-दोन इंचांहून जाड घेऊ नये. लॅटेक्सची गादी रबराच्या चिकापासून बनते. तिच्या उभ्या छिद्रांतून हवा खेळते, ती दाबताच लवते आणि हात काढताच पूर्ववत होते, आणि फळीवर घालावयाच्या सर्व गाद्यांत तिची योग्यता मोठी आहे. परंतु ती महाग आहे आणि फार जड आहे; ज्या पलंगाची फळी गादीसकट वर उचलून खालचा कप्पा उघडावा लागतो, त्या पलंगावर ती घालण्यापूर्वी उचलणाऱ्या दांड्यांची ताकद सुताराकडून किंवा कारखानदाराकडून तपासून घ्यावी.

स्प्रिंगच्या गादीला खाली स्प्रिंगची पेटी हवीच, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रिंगच्या गाद्या सपाट फळीवर घालण्याच्याच दृष्टीने केलेल्या असतात. त्यांत एकमेकींना तारेने गुंफलेल्या स्प्रिंगांची गादी स्वस्त, पण एका बाजूला कोणी हलले की सबंध गादी हलते. आणि प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली गादी महाग, पण तिची प्रत्येक स्प्रिंग आपापल्यापुरता भार घेते, आणि म्हणून पतिपत्नींपैकी एकाची रात्रपाळी किंवा अस्वस्थ झोप दुसऱ्याच्या झोपेत व्यत्यय आणीत नाही. प्लायवूड मुळीच लवत नसल्याने स्प्रिंगच्या वर असणारा मऊ थर येथे पातळ असून चालत नाही, इतके ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

जाडीचा प्रश्न यातूनच सुटतो. चार इंचांची गादी फळीवर टाकून ती पुरेल अशी अपेक्षा करणे म्हणजे नवारीच्या काळातील हिशेब प्लायवूडला लावणे होय. हलक्या बांध्याच्या माणसाला पाच इंच, सर्वसाधारण प्रौढाला सहा ते आठ इंच ही जाडी योग्य. त्याहून अधिक जाडी बहुधा शोभेसाठी असते. कसोटी सोपी आहे: गादीवर गुडघा टेकून अंगाचा भार द्यावा, आणि खालची फळी लागली तर ती गादी त्या पलंगासाठी नव्हे असे समजावे. परंतु जाडी ठरविताना पलंगाची उंचीही मोजली पाहिजे. कप्प्यांचा पलंग स्वतःच चौदा-सोळा इंच उंच असतो. त्यावर दहा इंचांची गादी चढविली की घरातील वृद्ध मातोश्रींचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि रात्री उठताना आधी घसरून मग उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर येते. गादीच्या काठावर बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत; ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत तेथे या एका निकषापुढे इतर सर्व निकष गौण मानावेत. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे: त्याला मऊ गादी, मऊ उशी आणि रुतणारा थर धोक्याचा असतो, म्हणून त्याची शय्या वेगळी, सपाट आणि घट्टच असावी.

हवा खेळविण्याचे जे काम आपण मागे राखून ठेवले, त्याकडे आपल्या घरांत सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. मनुष्य रात्रभर घाम आणि बाष्प सोडीत असतो. ते गादीत जिरते आणि खाली उतरते. नवारीतून ते निघून जाई. सनमायका लावलेल्या फळीवर ते अडून बसते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या दमट मुलुखात आषाढ-श्रावणात गादी उचलून पाहावी; कित्येक घरांत तिच्या तळाला काळसर बुरशीचे ठिपके आणि फळीवर ओलसर डाग आढळतील. दम्याच्या व सर्दीच्या रोग्यांना हा प्रकार विषवत आहे, कारण बुरशी आणि धुळीतील सूक्ष्म किडे दोन्ही ओलाव्यावर पोसतात. म्हणून पलंग अद्याप करावयाचा असेल तर सलग फळीऐवजी लाकडी पट्ट्या घालाव्यात. मात्र दोन पट्ट्यांतील अंतर तीन इंचांहून अधिक नसावे, नाहीतर फोम त्यांच्या फटींत उतरतो आणि गादी लाटालाटांची होते. पलंग तयार झालेला असेल तर सुताराकडून फळीला ठिकठिकाणी अर्ध्या-पाऊण इंचाची छिद्रे पाडून घ्यावीत, फळीच्या वरच्या अंगाला सनमायका लावू नये, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला गादी तासभर भिंतीशी उभी करून तिच्यावर पंखा सोडावा.

याच संदर्भात एक सूचना. गाद्यांना ऊन दाखविण्याची आपली सवय कापसाच्या बाबतीत उत्तम. फोम आणि लॅटेक्स मात्र कडक उन्हाने पिवळे पडतात, ठिसूळ होतात आणि त्यांचे आयुष्य घटते. त्यांना वारा हवा, सावली हवी. गच्चीवरचे वैशाखाचे ऊन नको. धुता येईल अशी सुती खोळ प्रत्येक गादीला असावी आणि ती नियमाने धुतली जावी.

दुकानात गेल्यावर तळहाताने गादी दाबून पाहण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे ती निरुपयोगी आहे, कारण तळहात निजत नाही, मनुष्य निजतो. चपला काढून, आपण रोज ज्या कुशीवर निजतो त्याच कुशीवर, उशीसकट, निदान दहा-पंधरा मिनिटे निजून पाहावे. चारचौघांत आडवे होण्याचा संकोच आपल्या लोकांना, विशेषतः स्त्रियांना, फार वाटतो, परंतु दहा वर्षे वापरावयाच्या वस्तूपुढे हा संकोच बाजूस ठेवलाच पाहिजे. बरोबरच्या माणसाने मागून पाहावे: मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा सरळ दिसली तर गादी योग्य, कंबर खाली झुकली तर ती अति मऊ, खांदा वर उचलला गेला तर अति कठीण. उताणे निजून कंबरेखाली हात सरकवावा: तो सहज आरपार गेला तर गादी कठीण, शिरलाच नाही तर मऊ. आणि ज्या गादीची परीक्षा घ्यावयाची ती दुकानातही सपाट फळीवरच घातलेली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण लवणाऱ्या आधारावर सुखद वाटलेली गादी घरच्या फळीवर निराळीच निघते.

वजनाचाही विचार व्हावा. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी कठीण, तीच नव्वद किलोच्या माणसाला मध्यम वाटते. म्हणून पतिपत्नींच्या बांध्यात किंवा आवडीत मोठे अंतर असेल तर सहा फूट रुंद पलंगावर छत्तीस छत्तीस इंचांच्या दोन स्वतंत्र गाद्या, उंचीने सारख्या पण कठीणपणाने निराळ्या, शेजारी शेजारी घालणे हा उत्तम तोडगा आहे. त्या उचलावयास हलक्या, उलटावयास सोप्या, आणि एक खराब झाली तर दोन्ही बदलाव्या लागत नाहीत. गादी मागविण्यापूर्वी पलंगाचे आतले माप, काठाच्या पट्ट्या सोडून, इंचांत स्वतः घ्यावे. सुतार फुटांत बोलतो, कंपनी इंचांत बोलते, आणि या दोहोंच्या मध्ये दोन-तीन इंचांची फट राहिली की तिची भरपाई कोणीच करून देत नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द आज इतक्या गाद्यांवर छापलेला आढळतो की, अस्थिरोगतज्ज्ञांनी त्या सर्व पारखून दिल्या असाव्यात असा भास व्हावा. परंतु ती गादी कोणत्या वैद्यकीय कसोटीस उतरली याचा उल्लेख त्याच लेबलावर सहसा सापडत नाही. वेष्टनावर छापील किंमत आणि माप असते. आतील थर किती, प्रत्येकाची जाडी किती, तो काथ्या आहे की फोम, शुद्ध आहे की कातरणांचा, त्याची घनता काय आणि कठीणपणा काय, हे मात्र बहुधा विक्रेत्याच्या तोंडी कबुलायतीवर सोडून दिलेले असते. हमीची मुदत दहा-दहा वर्षांची असते, पण तिचा मजकूर वाचला तर ती सहसा एक इंचाहून खोल खळगा पडल्यासच लागू होते, अंग दुखते म्हणून नव्हे. आणि गादीवर डाग पडला किंवा पलंगाचा आधार योग्य नव्हता, एवढ्या सबबीवरही ती रद्द होऊ शकते. औषधाच्या बाटलीवर घटकांची यादी असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. ज्या वस्तूवर मनुष्य रोज सात-आठ तास निजतो तिच्यावर ती नसावी, याचे समर्थन कसे करता येईल?

म्हणून आमची मागणी अशी आहे की, गादीच्या प्रत्येक थराचे द्रव्य, जाडी, घनता आणि कठीणपणा ही चार कलमे मराठीसह ग्राहकाच्या भाषेत वेष्टनावर छापणे शासनाने बंधनकारक करावे, आणि कसोटीचा दाखला नसेल तर 'ऑर्थोपेडिक' या शब्दाचा वापर रोखावा. १९७५ पासून घरोघरच्या किराणा मालाची सामुदायिक खरेदी करीत आलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी गाद्यांचीही तुलनात्मक पाहणी हाती घ्यावी. तोपर्यंत ग्राहकाने स्वतः जागरूक राहावे: ही चार कलमे बिलावर लिहून मागावीत, ती देण्यास जो विक्रेता नकार देईल त्याच्याकडून गादी घेऊ नये, बिल व हमीपत्र जपून ठेवावे, आणि फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्यास कचरू नये.

चरकाने शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या बरोबरीने निद्रेची गणना केली आहे. आहारासाठी धान्य निवडताना आपण मूठभर गहू तळहातावर घेऊन पारखतो; निद्रेच्या साधनाला तेवढीही पारख न लावणे हे यापुढे थांबले पाहिजे. पलंग साधा असला तरी चालेल, त्याची नक्षी थोडी कमी झाली तरी चालेल. नव्या बिऱ्हाडाच्या हिशेबात गादीची रक्कम आधी बाजूला काढावी, आणि जे उरेल त्यात पलंग करावा.